ठिणगीची वेळ कानाने लागत नाही

“एका दोरीत सुरू होतं, म्हणजे टायमिंग ठीक आहे.” होडीच्या जुन्या आउटबोर्ड मोटरींचे मालक हे छातीठोकपणे सांगतात. पण दोरी ओढताना ठिणगी मुद्दामच उशिरा पडत असते. १९५०-६०च्या दशकांतल्या जॉन्सन, एव्हिनरूड मोटरींत थ्रॉटल दिला की फ्लायव्हीलखालची मॅग्नेटोची प्लेट फिरते, ठिणगी लवकर पडू लागते आणि पाठोपाठ कार्ब्युरेटरही उघडतो. खरी परीक्षा थ्रॉटलच्या वरच्या टोकाला.

दुसरा समज मोटारगाड्यांतून आलेला: डिस्ट्रिब्युटर सैल करून जरा फिरवायचा. इथे फिरवायला डिस्ट्रिब्युटरच नाही. या दोन सिलिंडरवाल्या मोटरींत प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पॉइंट, आणि पॉइंटची फट हेच टायमिंग. पुलरने फ्लायव्हील काढा, कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणा आणि फीलर गेज घाला. माप ०.०२० इंच, जेमतेम अर्धा मिलिमीटर. पान किंचित घासत सरकलं पाहिजे. सुळकन गेलं तर पुन्हा स्क्रू. मग पॉइंटमधून कोरा कागद ओढून घ्या, कारण गेजवरच्या तेलाचा पुसटसा थरही ठिणगी मारतो. फट वाढली की पॉइंट आधी उघडतो, ठिणगी लवकर. टाच झिजली की उशीर. दोन फटी वेगळ्या असल्या की सिलिंडर दोन घड्याळांवर चालतात आणि मालक बिचाऱ्या कार्ब्युरेटरच्या मागे लागतो.

“टायमिंग पुढे घेतलं की ताकद वाढते” हा सगळ्यांत महागडा गैरसमज. ठिणगी फार लवकर पडली तर मिश्रण शांतपणे जळण्याऐवजी दाबाने एकदम भडकतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. भर वेगात त्या भडक्याची खडखड कानावर येतेच असं नाही. रॉकेलवर चालणाऱ्या आउटबोर्डला तर हे जास्तच लागू. दाबाखाली रॉकेल पेट्रोलपेक्षा सहज असं भडकतं, म्हणून त्या मशीनचं कॉम्प्रेशनच कमी ठेवलेलं असतं.

टायमिंग लाइट लावायचा तर किनाऱ्यावर कोरडं मशीन पळवू नका. पाण्याविना इंपेलरचं रबर बघता बघता जळतं. नळी लावली तरी बिनभाराचा पूर्ण थ्रॉटल नको. पाण्याच्या टाकीत, पंख्याऐवजी टेस्ट व्हील लावून पाहा.

फ्लायव्हील परत बसवताना त्याला शाफ्टवर जागेवर धरणारी चावी नखाने चाचपा. कड चेपलेली असेल तर चुंबक जागचं सरकतं आणि ठिणगी मरतुकडी होते. चावी मिळते स्वस्तात, बदलून टाका. नट मात्र पुस्तकातल्या टॉर्कनेच आवळा, कारण चावी चेपते ती बहुधा सैल नटामुळेच.