माल्मोचं पत्र : तक्रारीआधीचा एक्स-रे

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा खुबा सरकायला लागतो तेव्हा सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि ज्याला बोलताच येत नाही, ते मूल सांगणार तरी कसं? दक्षिण स्वीडनमधल्या स्कोने आणि ब्लेकिंगे या प्रांतांतल्या डॉक्टर-फिजिओथेरपिस्टांनी १९९४ साली ठरवून टाकलं, की तक्रारीची वाट बघायचीच नाही.

सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नाही. पण तिच्यामुळे ताठरलेले स्नायू वाढत्या हाडांना वर्षानुवर्षं ओढत राहतात. म्हणून ज्यांना आधाराशिवाय चालता येत नाही, अशा मुलांच्या कमरेचा एक्स-रे आठव्या वर्षापर्यंत दरवर्षी काढतात. जी चांगली चालतात, त्यांना उगीच त्रास देत नाहीत. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीबाहेर किती टक्के आलाय ते मोजायचं. तेहेतीसच्या पुढे गेला तर नजर ठेवायची, चाळीसच्या पुढे गेला की शस्त्रक्रियेचं बोलायचं. पूर्वी इथे शंभरातल्या नऊ-एक मुलांचा खुबा पुरता निखळायचा. वीस वर्षांत ते प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आलं. नवं औषध नाही की महागडं यंत्र नाही. एक्स-रे आणि नीट ठेवलेली नोंदवही, बस्स. एक्स-रे आपल्याकडे तालुक्याच्या गावीही निघतो. राहता राहिली नोंदवही.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या चारातल्या तिघांना वेदना असतात आणि चारातल्या एकाला बोलता येत नाही, असं २०१२च्या एका मोठ्या आढाव्यात म्हटलंय. हे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतं तेव्हा काय होतं, ते इथे जवळून पाहिलं. जीभ, ओठ, घसा आणि श्वास यांचा मेळ बसला नाही की शब्द अडतो, आणि त्याच कारणाने घासही अडतो. अन्न चुकून फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया. लाळ जास्त सुटते म्हणून गळते असं नव्हे, गिळली जात नाही म्हणून गळते. हे सगळं बघून लोक खुशाल ठरवतात, की याला काही कळत नाही.

माझ्या ओळखीची विशीतली एक मुलगी डोळ्यांनी बोलते. खुर्चीवरच्या पडद्याखालचा कॅमेरा तिची नजर टिपतो, ती अक्षरावर थांबली की अक्षर उमटतं. उन्हात मात्र हे यंत्र गडबडतं. मग सोबतची मदतनीस पारदर्शक प्लास्टिकचा तक्ता दोघींच्या चेहऱ्यांमध्ये धरते. मुलगी आधी अक्षरांच्या घोळक्याकडे बघते, मग त्यातल्या हव्या अक्षराच्या रंगाकडे. मदतनीस अक्षर मोठ्याने म्हणते. एका वाक्याला पाच मिनिटं लागली तरी मदतनीस शेवटचा शब्द आपण होऊन पुरा करत नाही. मुलीच्या पडद्यावर पहिल्याच पानावर ‘दुखतंय’ आहे. ते निवडलं की शरीराचं चित्र येतं, पुढून आणि मागून. मग जळजळ, ओढ, कळ, आणि ‘खुर्चीतलं बसणं नीट करा’. लहानपणी तिला दिलेल्या तक्त्यावर म्हणे सफरचंद होतं, चेंडू होता, कुत्रा होता. दुखणं नव्हतं.

अशा मदतनिसाचा पगार इथे सरकार देतं. तसं ठरवणारा कायदाही १९९४चाच. मूलभूत गरजांना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त मदत लागत असेल, तर खर्च केंद्र सरकारचा, त्याखाली नगरपालिकेचा. ऐकायला छान वाटतं. पण मूलभूत गरज कशाला म्हणायचं, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षं खल झाला, निकालांगणिक व्याख्या आवळत गेली आणि अनेकांची मदत बंद झाली. श्वासासाठी लागणारी मदत पूर्ण धरायची, हे कायद्यात यायला २०१९चा नोव्हेंबर उजाडला. नळीने जेवण भरवण्याचा नंबर लागला २०२०च्या जुलैत. मुलीची आई अजूनही अर्जात मिनिटं मांडते : कपडे इतकी, अंघोळ इतकी, जेवण इतकी. बोलण्याची किती लिहायची, यावर मायलेकींचं एकमत होत नाही.