जुन्या ट्रॅक्टरला नवा रंग की उजाळा?

लालबाग, परळ, शिवडी या गिरणगावच्या परिसरातील असंख्य कुटुंबांना पूर्वापार दोन घरे आहेत. एक चाळीतले आणि दुसरे सातारा, सांगली, कोल्हापूर यांसारख्या जिल्ह्यांतील गावातले. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरणी कामगारांनी कायमचे गाव गाठले. कित्येकांची पुढची पिढी मात्र मुंबईतच राहिली. जमीन, विहीर आणि गोठा यांच्याशी असलेला तिचा संबंध सुटला नाही. अशा कुटुंबात दसऱ्याच्या खंडेनवमीला अवजारांची पूजा जवळ आली, की छपराखाली उभ्या असलेल्या जुन्या ट्रॅक्टरचा विषय निघतो. मुंबईतला धाकटा भाऊ म्हणतो, लाल रंगाचे डबे येथूनच घेऊन जाऊ, दोन दिवसांत यंत्र नवेकोरे दिसेल. गावाकडचा थोरला म्हणतो, रंग आहे तोच जरा घासून पाहू; मडगार्डवर आबांचे नाव आहे, ते जाईल.

वरवर पाहता हा प्रश्न केवळ हौसेचा वाटतो. वस्तुतः तो यंत्राच्या आयुष्याचा, आरोग्याचा आणि काही अंशी कौटुंबिक इतिहासाचाही आहे. नवा रंग चढविण्याचा निर्णय एका दुपारी घेता येतो, परंतु त्याखाली गेलेले पुन्हा वर काढणे जवळजवळ अशक्य असते.

या बाबतीत मुंबईकरांच्या रोजच्या वाटेवरच एक उदाहरण उभे आहे. हुतात्मा चौकातील फ्लोरा फाउंटन हे कारंजे १८६४ साली उभारण्यात आले. नॉर्मन शॉ यांचा आराखडा आणि जेम्स फोर्सिथ यांचे शिल्पकाम असलेले हे कारंजे इंग्लंडमधून आणलेल्या पोर्टलंड दगडाचे आहे. पुढे त्यावर पांढऱ्या तैलरंगाचे थर चढविले गेले. हेतू ते स्वच्छ दिसावे हाच असणार. पण रंगाने दगडाचा मूळ पोत झाकला आणि कोरीव कामातील बारकावे बुजवले. अखेर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सविस्तर जतनकार्य हाती घ्यावे लागले आणि जानेवारी २०१९ मध्ये कारंजे पुन्हा लोकांसाठी खुले झाले. एका माणसाने कुंचल्याने सहज दिलेला रंग उतरविण्यास किती कौशल्य आणि किती काळ लागतो, हे त्यावरून कळावे.

हे उदाहरण ट्रॅक्टरला जसेच्या तसे लावता येत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. दगडाला रंगाची गरज नसते. उघडा दगड श्वास घेतो. लोखंडी पत्रा उघडा पडला, की पहिल्याच पावसात त्यावर गंजाचा पिवळट थर येतो. म्हणजे ट्रॅक्टरवरील रंग हा अलंकार कमी आणि कातडी अधिक आहे. तेव्हा ही कातडी कोठे शाबूत आहे आणि कोठे फाटली आहे, याचा शोध प्रथम घ्यावयास हवा.

कांदिवलीचा लाल ट्रॅक्टर

राज्यातील अनेक जुन्या ट्रॅक्टरांचे जन्मस्थान मुंबईच आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. माझगाव येथे जीप गाड्यांची जुळणी केलेल्या महिंद्र उद्योगसमूहाने १९६३ साली अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या सहकार्याने इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली. कांदिवली येथील कारखान्यातून ‘बी-२७५’ हा सुमारे ३५ अश्वशक्तीचा लाल ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. १९७७ साली ही कंपनी महिंद्र अँड महिंद्रमध्ये विलीन झाली. त्या काळातील एखादे यंत्र आजही छपराखाली असेल, तर त्याच्या बॉनेटवरील फिका गुलाबी झालेला लाल रंग कदाचित कारखान्यात बसलेलाच असेल. कदाचित म्हणण्याचे कारण असे, की पन्नास वर्षांत एखादा हात गावातील रंगाऱ्याने दिलेला असण्याचाही संभव मोठा असतो. यातले खरे काय, हे पाहिल्यावाचून कळत नाही.

पाहण्याची रीत अवघड नाही. प्रथम यंत्र धुऊन घ्यावे. इंजिनाभोवतीचा तेलकट चिखल रॉकेलने किंवा डिझेलने भिजवून मऊ करावा, खरवडून काढावा आणि मग साबणाच्या पाण्याने पुसावा. एअर क्लीनर आणि डायनॅमो यांत पाणी जाऊ देऊ नये. अनेकदा येथेच पहिला सुखद धक्का बसतो. जेथे रंग उडाला असे वाटत होते, तेथे तेलाच्या लेपाने तो वर्षानुवर्षे जपलेला असतो.

नंतर ओला पांढरा कपडा बॉनेटवर घासावा. त्याला लाल रंग लागला, तर घाबरण्याचे कारण नाही. उन्हातील अतिनील किरणांमुळे रंगातील बांधून ठेवणारे द्रव्य पृष्ठभागावर झिजते आणि रंगद्रव्याची पूड सुटी होते. रंग फिका, खडूसारखा दिसतो तो यामुळे. ही झीज बहुधा वरच्या अतिशय पातळ थरापुरती असते आणि त्याखाली मूळ लाल रंग जिवंत असतो. मूळ छटा कोणती होती हे पाहायचे असेल, तर ऊन न लागलेली जागा शोधावी. डिझेलच्या टाकीच्या पट्ट्याखाली, बॉनेटच्या आतल्या कडेला किंवा अवजारांच्या पेटीमागे ती सापडते.

किती हात दिले गेले आहेत, हे जाणण्यासाठी पुराणवस्तूंचे जतन करणारे एक साधी युक्ती वापरतात. न दिसणाऱ्या जागी बारीक पॉलिश पेपर ओला करून नाण्याएवढी जागा गोलाकार घासली, की खोडातील वलयांप्रमाणे एकेक थर उघडा होतो. वरचा लाल, मग एखादा नारिंगी, त्याखाली पुन्हा लाल, शेवटी अस्तर आणि पत्रा. दोन निरनिराळे लाल दिसले, तर मध्यंतरी कोणीतरी रंग दिला आहे, असे समजावे. पत्र्यावरून लोहचुंबक फिरविल्यास आणखी एक गुपित उघड होते. चुंबक जेथे धरत नाही, तेथे खड्ड्यात जाड लांबी भरलेली असते. अशा जागी उजाळा देऊन काहीही साधत नाही.

घासण्याला मर्यादा असते

पितळी समई कितीही घासली तरी खाली पितळच लागते, आणि घरोघरच्या या अनुभवामुळे रंगाच्या बाबतीत फसगत होते. ट्रॅक्टरवरील रंगाचा थर कागदाएवढा असतो. रबिंग कंपाउंडमधील बारीक कण त्याचा वरचा मेलेला भाग खरवडून काढतात आणि चकाकी येते. तेच काम पुन:पुन्हा केले, तर एक दिवस अस्तर डोकावते. कडा, घड्या आणि रिव्हेटची डोकी येथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो. बफिंग मशीन तेथे क्षणभर रेंगाळले, तरी पत्रा उघडा पडतो. शिवाय मशीनच्या वेगामुळे रंग तापतो तो निराळाच. म्हणून जुन्या यंत्रावर हातानेच, मऊ सुती कापडाने, तळहाताएवढ्या जागेवर आधी प्रयोग करून पाहणे शहाणपणाचे. लाल रंग परत येत असेल, तर पुढे जावे. अस्तर दिसू लागले, की थांबावे. शेवटी मेणाचे पॉलिश द्यावे, आणि ते दर पावसाळ्यापूर्वी द्यावे. मेण हे काही कायमचे संरक्षण नव्हे.

जेथे रंगाला फोड आले आहेत तेथे मात्र घासणे व्यर्थ आहे. सुरीच्या टोकाने फोड उचकटला, तर आत तपकिरी पूड निघते. गंज हा लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. वरून चकचकीत केले तरी आतली क्रिया चालूच राहते. मडगार्डचा खालचा काठ, पायठेवणीचा पत्रा, चाकांच्या रिम आणि बॅटरीची बैठक या चार जागा बहुधा अशा असतात. भातशेतीच्या चिखलात उतरलेल्या किंवा खताची ने-आण केलेल्या यंत्राच्या रिम तर पाहिल्याबरोबर निकाल सांगतात. या जागी रंगाला पर्याय नाही.

अर्थात रंग देणे म्हणजे डबा उघडून कुंचला बुडविणे नव्हे. सैल गंज तारेच्या ब्रशने काढावा, गोड्या पाण्याने धुऊन क्षार घालवावेत, पूर्ण वाळू द्यावे, रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि तो वाळल्यावर इनॅमलचे दोन पातळ हात द्यावेत. क्षार धुण्याची पायरी हमखास वगळली जाते. रंगाखाली अडकलेले खत किंवा मीठ हवेतील ओल शोषून घेते आणि वर्षाच्या आत पुन्हा फोड येतात. किनारपट्टीवर तर फारच लवकर. दुसरी चूक याहून अधिक प्रचलित आहे. अस्तराचा तांबूस हात देऊन ‘वरचा रंग पुढल्या सुगीला’ असे म्हणत यंत्र तसेच ठेवले जाते. अस्तर सच्छिद्र असते. त्यातून पाणी आत जाते आणि केलेली मेहनत गंजाच्या कामी येते. भर पावसाळ्यातही हे काम काढू नये. दमट हवेत रंग वाळण्यास वेळ लागतो आणि त्यावर पांढुरकी छाया धरते. लालबाग-परळच्या गणेशमूर्तींच्या कार्यशाळांतून आषाढ-श्रावणात रंगाचे फवारे चालतात हे खरे. परंतु तेथे मूर्ती छपराखाली असते आणि तिला पुढे नांगर ओढायचा नसतो.

धुळीतील शिसे

जुन्या रंगाविषयीची एक गोष्ट चकाकीपेक्षा महत्त्वाची आहे. पूर्वी लोखंडावर शेंदराचे, म्हणजे शिशाच्या संयुगाचे, अस्तर देण्याची पद्धत सर्वत्र रूढ होती आणि लाल-पिवळ्या रंगांतही शिशाची संयुगे वापरली जात. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. साठ-सत्तरच्या दशकातील ट्रॅक्टरचा रंग कोरडा घासला, तर उडणारी धूळ श्वासातून आणि हातांवाटे पोटात जाऊ शकते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस शिसे विशेष घातक असते. यास्तव जुना रंग ओला करूनच घासावा, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, नाकातोंडावर चांगला मुखवटा बांधावा आणि निघालेला गाळ गोठ्यात, परसात किंवा विहिरीजवळ टाकू नये. गावी दसऱ्याच्या सुटीत घर मुलांनी भरलेले असते; हे काम त्या चार दिवसांत अंगणात काढणे इष्ट नाही. चाळीच्या गच्चीवर सुटे भाग आणून घासणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

यंत्र विकायचे असेल, तर विचाराची दिशा थोडी बदलते. नव्या रंगाने किंमत वाढते, असा सार्वत्रिक समज आहे. जाणता गिऱ्हाईक मात्र ताजा रंग पाहून सावध होतो. इंजिनाच्या बिडाला गेलेला तडा, तेलाची गळती, जोड दिलेला पत्रा हे सारे ताज्या रंगाखाली लपते, हे त्याला ठाऊक असते. त्याच्या लेखी इंजिन, हायड्रॉलिक लिफ्ट आणि कागदपत्रे यांना मोल आहे. इंजिन क्रमांक व चासी क्रमांक यांवर रंगाचा जाड थर बसला किंवा ते घासले गेले, तर व्यवहारच अडतो. नोंदणीच्या कागदांत वाहनाच्या रंगाचीही नोंद असते. तेव्हा लालचा निळा करण्याची हौस असल्यास आधी परिवहन कार्यालयाकडे चौकशी करावी.

जुनी वाहने संग्रही ठेवणाऱ्यांच्या जगात तर वारे उलट दिशेने वाहू लागले आहे. अशा वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत, वाहन नव्यासारखे करण्यापेक्षा आहे ते टिकविण्याला आणि त्यावरील काळाच्या खुणा जपण्याला अग्रक्रम दिला आहे. रोज नांगरट करणाऱ्या ट्रॅक्टरला ही सनद लावणे हास्यास्पद होईल. जो ट्रॅक्टर आता केवळ आठवण म्हणून उभा आहे, त्याला ती पुरेपूर लागू पडते. हा फरक घरातल्या माणसांनी आपसांत आधी ठरविला, तर निम्मा वाद तेथेच मिटतो.

आता आबांच्या नावाविषयी. अनेक जुन्या ट्रॅक्टरांच्या मडगार्डवर गावातील पेंटरने हाताने काढलेली अक्षरे असतात. ग्रामदैवताचे नाव, मालकाचे नाव, गाव, तालुका. ही अक्षरे कारखान्याच्या रंगावर चढविलेली असल्याने कंपाउंडच्या दोन-चार फेऱ्यांतच झिजतात आणि नव्या रंगाच्या पहिल्याच हातात कायमची जातात. अक्षरांची छायाचित्रे आधी काढून ठेवावीत. त्यांच्यावर कंपाउंड न लावता ती केवळ ओल्या मऊ कपड्याने पुसावीत आणि त्यांवर मेणाचा पातळ हात द्यावा. भोवतालचा काठ गंजला असेल, तर अक्षरांपासून चार बोटे अंतर राखून चिकटपट्टी लावावी आणि तिच्या खालचा भागच रंगवावा. या रंगाची छटा नव्या डब्यावरून ठरवू नये. आधी बॉनेट घासून त्याचा खरा लाल वर आणावा आणि त्याच्याशी जुळेल असा रंग दुकानात मिसळून घ्यावा. मुंबईहून नेलेला चकचकीत लाल जुन्याशेजारी ठिगळासारखा दिसतो. म्हणून डबे विकत घेण्याआधी गावाहून बॉनेटची एखादी सुटी पट्टी किंवा झाकण नमुना म्हणून मागवून घेतलेले बरे.