एका रेषेत पट्ट किती?

तत्त्वज्ञानात एक जुना प्रश्न आहे. दोन गोष्टींत कोणताच फरक सापडत नसेल, तर त्या दोन म्हणायच्या की एक? लायब्निझचं उत्तर होतं, एकच. घनपदार्थाच्या ऊर्जापट्टांचा आलेख वाचताना हाच प्रश्न हिशेबाचा होऊन बसतो.

आलेखात उभ्या अक्षावर ऊर्जा असते, आडव्यावर तरंगसदिश. दोन वेगळ्या अवस्थांची ऊर्जा सारखी असेल तर त्यांना डिजनरेट म्हणतात. त्यांच्या रेषा एकमेकींवर बसतात आणि आपल्याला एकच दिसते. लोकलच्या डब्यातला नकाशा आठवा. मीरा रोड, भाईंदर, नायगाव, सगळं एका रेघेवर. फलाटावर उभं राहिलं की रूळ मोजता येतात. रेघ एक, मार्ग अनेक.

मग ओळखायचं कसं? पहिला उपाय, मोजा. सिलिकॉनच्या एकक पेशीत 2 अणू, प्रत्येकाचे 4 संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे एकूण 8. स्पिनमुळे एका पट्टात 2 मावतात, म्हणून भरलेले पट्ट 4 हवेत. पण गॅमा बिंदूकडून एक्सकडे जाताना रेषा 3 च दिसतात. तीनच पट्ट धरले तर 6 इलेक्ट्रॉन बसतील, उरलेले 2 वरच्या रिकाम्या पट्टात ढकलावे लागतील, आणि आपण सिलिकॉनला धातू ठरवून मोकळे होऊ! म्हणजे वरची रेषा दुहेरी आहे.

दुसरा उपाय, वाट बदलून पाहा. गॅमापाशी वरचे तीन पट्ट एकत्र येतात. एक्सच्या दिशेने ते दोन अधिक एक असे फुटतात. केच्या दिशेला सममिती कमी असते, तिथे तिन्ही सुटे होतात. जिथे सममिती कमी होते तिथे गुपित उघडं पडतं.

तिसरा उपाय, चित्र सोडून आकडे वाचा. स्पिन-कक्षा आंतरक्रिया धरली तर गॅमापाशी एक पट्ट बाकीच्यांपासून सुमारे 0.044 इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली सरकतो. सुमारे 12 इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंचीच्या चित्रात हे अंतर डोळ्याला दिसत नाही. गणकाच्या यादीत मात्र ते स्पष्ट असतं.

एक सावधगिरी. दोन रेषा एका बिंदूत छेदताना दिसल्या, तर त्या भागात बिंदू दाट घेऊन पुन्हा गणित करा. सममिती वेगळी असेल तर त्या खरोखर छेदतात. सारखी असेल तर सहसा जवळ येऊन परत फिरतात.

आता लायब्निझला काय सांगायचं? ऊर्जा सारखी असली तरी अवस्था वेगळ्याच आहेत. फरक नव्हता असं नाही, आपण एकाच मापाने पाहत होतो.