हौशी पथकात राहावे की पथक सोडावे?

हौस हा शब्द दिसायला हलका आहे, परंतु त्याच्या पोटी जबाबदारी मोठी असते. लग्नाच्या वरातीत वाजविणारा बँडवाला ठरलेला मोबदला घेतो आणि ठरलेली वेळ भरतो. त्याला काम सोडावयाचे असल्यास मालकाशी हिशेब चुकता केला की तो मोकळा झाला. हौशी वादकाचे तसे नाही. त्याने पैसा घेतलेला नसतो, म्हणून त्याला कोणी बांधून ठेवू शकत नाही; आणि तरीही, तो आपखुशीने आलेला असतो म्हणूनच, निघून जाताना त्याचा पाय अडतो. करार नाही, तेव्हा करार मोडल्याचा दोष नाही. पण शब्द दिलेला असतो आणि तो मोडल्याची खंत मात्र मनात राहते. हौशी वाद्यपथकात राहावे की ते सोडावे, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका किरकोळ नाही. आज पुण्यातील हजारो घरांत तो दरवर्षी उभा राहतो आणि त्याचा निकाल बहुधा रागाच्या किंवा थकव्याच्या भरात लागतो. तो शांतपणे कसा लावावा, याचा थोडा विचार आपण करू.

बिबवेवाडीचेच उदाहरण घेऊ. एके काळी पुण्याबाहेरचे खेडे असलेली ही वस्ती आता शहराचे दाट उपनगर झाली आहे. समजा, तेथील एक तरुण महाविद्यालयात असताना ढोल-ताशा पथकात दाखल झाला. त्या वेळी संध्याकाळ मोकळी होती. सातारा रस्त्याने स्वारगेट ओलांडून नदीपात्रातील सरावाला जाणे हीच एक मौज होती. पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला, हिंजवडीस, नोकरी लागली. घरी यावयास रात्र होऊ लागली. आई म्हणते, ‘आता पुरे झाले’. पथकातील मित्र म्हणतात, ‘तुझ्यावाचून ताशा उभा राहत नाही’. आणि तो बिचारा दोघांनाही ‘बघू’ असे सांगून दिवस ढकलतो. या ‘बघू’ने कोणाचेच भले होत नाही. घरच्यांची आशा लोंबकळते, पथकाची मांडणी लोंबकळते, आणि स्वतः त्याला ना सरावात सुख, ना घरी.

हे पथक म्हणजे काय वस्तू आहे, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवास १८९३ व १८९४ या वर्षांत आरंभ झाला आणि त्याच्या पाठोपाठ मेळे निघाले. एका वेषातील मुले एकत्र येऊन पदे म्हणत, चौकाचौकांतून फिरत. त्यांत वेतन घेणारे कोणी नसे. हौस आणि शिस्त एवढेच भांडवल. पुढे काळ बदलला, मेळे मागे पडले. मिरवणुकीत ढोल वाजविण्याची परंपरा मुळशी-मावळाकडील गावकऱ्यांनी जपलेली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, नूतन मराठी विद्यालय अशा शाळांच्या आवारांतून विद्यार्थ्यांची पथके उभी राहिली आणि गेल्या पंचवीस वर्षांत ती उपनगरांतही पसरली. आज त्यांत डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, दुकानदार आहेत, आणि मुलींची संख्या तर डोळ्यांत भरण्यासारखी आहे. मेळ्यांचा वारसा स्वरांऐवजी तालाच्या रूपाने असा पुढे चालला आहे.

पथकाच्या रचनेकडे पाहिले म्हणजे एकाच्या जाण्याने काय बिघडते आणि काय बिघडत नाही, हे उमगते. ढोल कमरेला बांधलेला असतो. एका पानावर टिपरू पडते आणि दुसऱ्यावर हाताची थाप. ढोलांच्या रांगाच्या रांगा एकच ठेका धरतात. ताशा मात्र दोन बारीक काड्यांनी वाजतो. ठेका कधी बदलावयाचा, लय कधी चढवावयाची, हे ताशेवाल्याच्या हातावरून सर्वांस कळते. त्यांच्या भोवती झांजा असतात, टोल असतो आणि पुढे ध्वज असतो. ढोल धरणारा नवा मनुष्य एका हंगामात बऱ्यापैकी तयार करता येतो. चांगला ताशेवाला तयार होण्यास वर्षे लागतात. म्हणून ‘मी गेलो तर पथकाचे कसे होईल?’ या प्रश्नाचे उत्तर सर्वांना सारखे नाही. पन्नास ढोलांतील एक ढोल कमी झाला तर मिरवणूक अडत नाही. तसे मानणे हा अहंकारच होय. परंतु ताशाचा म्होरक्या, वाद्यांची दुरुस्ती करणारा किंवा हिशेब ठेवणारा मनुष्य अचानक उठून गेला, तर ती गैरसोय खरी असते. आपण या दोहोंपैकी कोण आहोत, हे प्रामाणिकपणे ठरविणे ही पहिली पायरी.

दुसरी पायरी म्हणजे सोडावेसे का वाटते, त्या कारणाची जात ओळखणे. अशी कारणे बहुधा तीन प्रकारची असतात : शरीराची, वेळेची आणि तत्त्वाची. तिन्हींना औषध वेगळे आहे, आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिल्यास रोग वाढतो.

शरीराचे कारण सर्वांत स्पष्ट, आणि नेमके तेच सर्वांत अधिक लपविले जाते. ध्वनीची तीव्रता डेसिबल या मापात मोजतात. नित्य आठ तास सोसावयाचा आवाज ८५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा, असा संकेत आहे; आणि दर तीन डेसिबलांच्या वाढीला सुरक्षित वेळ निम्मी होते, असा हिशेब पुष्कळ तज्ज्ञ धरतात. त्या हिशेबाने १०० डेसिबलला ही वेळ अवघी पंधरा मिनिटे उरते. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर झालेल्या मोजणीत काही वर्षी सरासरीच शंभरांच्या वर गेलेली आढळली आहे. मग रांगेच्या मध्यभागी उभ्या असलेल्या वादकाच्या कानाचे काय होत असेल! अंतःकर्णातील सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सरावानंतर दुसऱ्या दिवशी सकाळीही कानात गुणगुण राहत असेल, तर ती कौतुकाची खूण नव्हे, ती धोक्याची घंटा आहे. तथापि एवढ्यावरून पथक सोडलेच पाहिजे, असे मात्र नाही. कानांत बोळे घालावे, सरावात विश्रांतीचे टप्पे मागून घ्यावे, वैद्याकडून कान तपासून घ्यावे, ढोलाऐवजी ध्वज घ्यावा. पथकाने हे मान्य केले तर राहण्यास हरकत नाही. ‘बोळे घालणारा कसला वादक!’ अशी जेथे थट्टा होते, तेथे मात्र शरीराचे कारण हे तत्त्वाचे कारण झाले असे समजावे.

वेळेच्या कारणाचे तसे नाही. सराव उत्सवापूर्वी सुमारे दोन महिने चालतो. विसर्जन मिरवणूक तर अलीकडे सूर्योदय उलटून दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते. नोकरी, परीक्षा, घरातील आजारपण, तान्हे मूल यांपैकी काहीही या दोन महिन्यांत आले की ओढाताण होते. पण ओढाताण एका वर्षाची आहे की कायमची, हे पाहावयास हवे. एका वर्षाची असेल तर ती सुट्टी म्हणून मागावी. राजीनामा म्हणून देऊ नये. कायमची असेल, तर संध्याकाळचा वादक म्हणून राहण्याचा हट्ट सोडून रविवारचा शिक्षक म्हणून राहता येते का, ते विचारावे. नव्या मुलांना ठेका शिकविणे, वाद्यांची देखभाल पाहणे, मिरवणुकीत पाणी व प्रथमोपचार सांभाळणे, ही कामेही पथकाचीच आहेत. राहणे आणि सोडणे यांच्यामध्ये अनेक खोल्या आहेत. माणसे मात्र दोनच दारे पाहतात.

तिसरे कारण तत्त्वाचे. मंडळाकडून मिळालेल्या सुपारीच्या पैशाचा हिशेब दाखविला जात नाही. इस्पितळाजवळूनही वादन थांबत नाही. मुलींना ढोल मिळतो पण निर्णयात स्थान मिळत नाही. किंवा ज्या सेवेच्या नावाने पथक उभे राहिले ती सेवा दिसेनाशी झाली आहे. अशा वेळी काय करावे? आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या ग्रंथात याच प्रश्नाचा ऊहापोह केला. संस्था बिघडू लागली म्हणजे माणसापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे, किंवा आत राहून बोलणे. त्याने दाखविले की ज्यांना गुणवत्तेची सर्वांत अधिक चाड असते तेच पुष्कळदा सर्वांआधी निघून जातात, आणि मग बोलणारे कोणी उरत नाही. निष्ठेचा खरा उपयोग, त्याच्या मते, हा की ती माणसाला थोडे थांबविते आणि बोलावयास लावते. आपल्या पथकांना हे तंतोतंत लागू आहे. पुष्कळ पथके रीतसर नोंदलेली असतात. त्यांना लिखित घटना असते, सभा असते, हिशेब तपासनीस असतो. हिशेब मागणे म्हणजे बंड नव्हे. तेव्हा तत्त्वाचे कारण असल्यास आधी बोलावे. चारचौघांत टोमणे मारून नव्हे, तर सभेत, स्पष्ट आणि सौम्य शब्दांत. बोलूनही काही घडले नाही, तर सोडावे, आणि तेव्हा मनाला टोचणी लावून घेऊ नये.

कारण सोडणे म्हणजे नेहमी मोडणे नव्हे. याची साक्ष पुण्याच्याच हौशी रंगभूमीत आहे. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेने विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आणले. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन आणि भास्कर चंदावरकरांचे संगीत असलेल्या त्या नाटकात नटांचा समूहच गात होता, नाचत होता, भिंत होऊन उभा राहत होता; एका परीने ते वाद्यपथकासारखेच समूहाचे काम. वाद पेटला आणि संस्थेने प्रयोग थांबविले. कलावंतांपुढे प्रश्न आला : संस्था की काम? त्यांच्यापैकी अनेकांनी संस्था सोडली, १९७३ साली थिएटर अकादमी स्थापिली आणि १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभे केले. पुढे १९८० साली ते युरोपातही गेले. ते संस्थेबाहेर पडले खरे, पण कामापासून दूर झाले नाहीत. सोडताना आपण नेमके काय सोडीत आहो, हे त्यांना ठाऊक होते. आपल्या तरुणाने स्वतःला विचारावयाचा प्रश्नही हाच : मला पथक नको आहे, की वाजविणेच नको आहे?

आता वेळेविषयी. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अंग ठणकत असताना निर्णय घेऊ नये, आणि उत्सवाच्या ऐन तोंडावर तर मुळीच घेऊ नये. पहिला निर्णय थकव्याचा असतो, दुसरा इतरांवर अन्याय करणारा. दिवाळी झाल्यावर गुढीपाडव्यापर्यंतचा निवांत काळ यासाठी उत्तम. तेव्हा ढोलांची पाने उतरलेली असतात, डोकी थंड असतात, आणि नव्या माणसाची तयारी करण्यास पथकाला अवकाश असतो.

रीतीविषयीही दोन शब्द. सांगावयाचे ते प्रमुखांना समक्ष सांगावे. दुसऱ्याकडून कळू देऊ नये. आपल्याकडील वाद्य, गणवेश, किल्ल्या आणि पैशांचा हिशेब आधी हाती द्यावा, मग निरोप घ्यावा. आपल्याला येणारे चार ठेके ज्यांना येत नाहीत त्यांना शिकवून जावे. गेलेल्याचे नाव तेवढ्याने पथकात राहते. आणि पथकाच्या वडीलधाऱ्यांनीही जाणाऱ्याला गद्दार म्हणू नये. राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ साली पुण्यातील पथकांची संख्या प्रत्येकी तिसांवर मर्यादित करणारा आदेश दिला, तेव्हा ती मर्यादा वादकांना जाचक वाटली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला त्याच सप्टेंबरात स्थगिती दिली. संख्येसाठी एवढे झटणाऱ्यांनी, एक माणूस आपणहून का जातो आहे, हेही तितक्याच आस्थेने ऐकून घ्यावयास नको काय?

घरातील मंडळींना एक विनंती आहे. ‘सोडून दे’ हे सांगणे सोपे असते, परंतु त्या ढोलाभोवती मुलामुलींनी मैत्री, शिस्त आणि स्वतःविषयीचा विश्वास मिळविलेला असतो. त्याचा हिशेब न करता दिलेला सल्ला अर्धाच असतो. त्यांना उत्तर देऊ नये, प्रश्न विचारावे. शरीर काय सांगते? वेळ किती काळ अपुरा पडणार आहे? बोलून पाहिलेस काय? ही तीन उत्तरे ज्याच्यापाशी आहेत तो राहिला तरी मनापासून राहील, आणि गेला तरी ताठ मानेने जाईल. तालाचे शास्त्रही हेच सांगते : समेवर येणे जितके महत्त्वाचे, तितकेच योग्य मात्रेवर हात उचलणे.