साठी ते सत्तर: मधल्या दहा वर्षांचं काय?

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळतं, आणि त्याच दिवशी अनेकांचा कंपनीचा आरोग्य विमा संपतो. गुडघे कुरकुरायला लागतात तेही नेमके याच सुमाराला.

२०२४च्या ऑक्टोबरपासून ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड सुरू झालं. वय ७० पूर्ण असलं की उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मोफत. आधार कार्ड पुरतं. जुना मधुमेह असला तरी प्रतीक्षाकाळ नाही. मात्र रुग्णालय योजनेतलं हवं, आणि रोजच्या गोळ्यांचा खर्च यात बसत नाही. खरा खर्च तर तिथेच असतो!

पण साठाव्या वर्षी घरी बसलेल्याने सत्तरीपर्यंत काय करायचं? महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना वयाची अट घालत नाही. तिच्यासाठी रेशनकार्ड मात्र जपून ठेवायला हवं. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेत दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरून आजीवन कार्ड घेता येतं.

सर्वांत दुर्लक्षित सोय आहे ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची. किमान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला पती किंवा पत्नीसह उपचार मिळू शकतात, वर्षाला अवघ्या १२० रुपयांत. तरी कारखान्यातून बाहेर पडताना पीएफचा फॉर्म सगळे न विसरता भरतात; ईएसआयच्या शाखेची पायरी फार थोडे चढतात.