खेळ नंबर मागतो

विटीदांडू खेळायला काय लागते? एक विटी, एक दांडू आणि मोकळी जागा. कबड्डीला तर तेवढेही लागत नाही. पण हल्ली असे खेळ निघाले आहेत, की ते सुरू होण्याआधीच मुलाला विचारतात, “तुझा मोबाइल नंबर सांग.” मुलाजवळ मोबाइलच नाही. मग तो नंबर कुठून आणणार? तो तुमचा नंबर देतो. म्हणून खेळ मुलांचा असला, तरी त्याची माहिती आईबापांना पाहिजे.

या खेळांना ऑनलाइन खेळ म्हणतात. ते इंटरनेटवर चालतात. आपले पोर काटोलजवळच्या खेड्यात ओसरीवर बसलेले असते आणि त्याच्यासंगे खेळणारा गडी पुण्यात असतो, नाही तर परमुलखात. दोघांची ओळख ना पाळख. कोण जिंकला, कोण हरला, कोणी लबाडी केली, हा सगळा हिशेब खेळाची कंपनी ठेवते. बँकेत जसे तुमचे खाते, तसे कंपनीत खेळणाऱ्याचे खाते. खाते म्हटले की ते कोणाचे, हा प्रश्न आलाच. त्यासाठी कंपनी नंबर मागते. एखाद्याला लबाडीबद्दल खेळातून काढले, तर त्याने दुसऱ्या नावाने लगेच परत येऊ नये, हेही एक कारण आहे. फोन हरवला, तर जुने खाते नव्या फोनवर परत मिळावे, हे दुसरे.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. खेळायचा फोन वेगळा आणि नंबर वेगळा. लोक दोन्ही एकच समजतात.

खेळायला मोठ्या काचेचा फोन लागतो आणि तोही बऱ्यापैकी ताकदीचा. मुले ज्याला अजून ‘पब्जी’ म्हणतात, त्या खेळावर आपल्या सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. पुढे जुलै २०२१ मध्ये त्याच तऱ्हेचा खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने आला. त्याला निदान २ जीबी रॅमचा फोन पाहिजे, असे कंपनीने सांगितले होते. रॅम म्हणजे काय? स्वयंपाक करताना भांडी मांडायला जागा लागते ना, तशी फोनला काम करताना लागणारी जागा. जागा कमी पडली की खेळ अडखळतो, फोन तापतो. असा फोन पोराजवळ नसला, तर ते मित्राच्या घरी जाते. तिथे फोन मित्राचा. पण नंबर? मित्राच्या नंबरावर मित्राचे खाते आधीच असते. तेव्हा नंबर बाबांचा.

बाबांजवळ बटनांचा साधा फोन असला तरी चालते. त्यावर खेळ येत नाही, पण संदेश येतो. त्या संदेशात चार किंवा सहा आकडे असतात. त्याला ओटीपी म्हणतात. म्हणजे एकदाच चालणारा परवलीचा आकडा. पूर्वी पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला, की सही किंवा अंगठा घेतल्याशिवाय पैसे देत नसे. ओटीपी हा तुमचा अंगठाच समजा. फरक इतकाच, की अंगठा लावायला तुम्ही समोर लागत होता. ओटीपी मात्र दुरून फोनवर सांगता येतो.

आता असे समजा, बाबा संत्र्याच्या बागेत पाणी देत आहेत. फोन वाजतो.

“बाबा, तुमच्या फोनावर एक नंबर आला असंल. सांगा न जी लवकर.”

बाबा हात पुसतात, आकडे वाचतात आणि सांगून मोकळे होतात. वरचे-खालचे काही वाचत नाहीत. इथेच घात आहे. खेळाचा ओटीपी आणि बँकेचा ओटीपी दिसायला सारखाच असतो. दोन्ही आकडेच. फरक असतो तो आजूबाजूच्या मजकुरात. म्हणून आधी संदेश कोणाकडून आला, ते बघा. बँकेचे नाव आहे का? पैशाचा आकडा आहे का? असेल तर तो आकडा कोणालाही सांगू नका, पोरालाही नाही. मजकूर इंग्रजीत असला, तर गावातल्या जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. पोराला म्हणा, “अर्धा तास थांब, मी घरी येतो.” कंपनी पुन्हा ओटीपी पाठवते. खेळ कुठे पळून जात नाही.

कोणी अनोळखी माणूस फोन करून म्हणेल, “तुमच्या मुलाला खेळात बक्षीस लागले, आलेला आकडा सांगा.” त्याच्याशी एक शब्दही बोलू नका. आणि पैसे गेलेच, तर तेव्हाच १९३० या नंबरावर फोन करा. हा सरकारचा नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल, तितके पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

कोणी म्हणेल, पोराला त्याचाच नंबर घेऊन द्यावा. तसे होत नाही. १८ वर्षांखालच्या मुलाला सिमकार्ड विकू नये, असा आपल्याकडे नियम आहे. तुम्ही दुकानातून आणलेले सिम पोराच्या हाती दिले, तरी कागदावर नाव तुमचेच. त्यावर जे होईल, त्याचा जाब तुम्हालाच विचारतील. म्हणजे गंमत बघा, कायद्याने जी वस्तू मुलाला मिळत नाही, तीच वस्तू खेळ त्याला मागतो.

कंपन्यांना हे ठाऊक आहे. वर सांगितलेला खेळ १८ वर्षांखालच्या मुलाला आईचा किंवा बापाचा नंबर विचारू लागला. दिवसाला तीन तासांहून जास्त खेळता येणार नाही आणि दिवसाला ७००० रुपयांहून जास्त खर्चता येणार नाही, अशी मर्यादाही कंपनीने तेव्हा सांगितली. दिवसाला सात हजार! याला मर्यादा म्हणायचे काय? आपल्याकडे कित्येक घरांत महिनाअखेर एवढे शिल्लक राहत नाहीत. पण आईबापाचा म्हणून दिलेला नंबर खरेच त्यांचा आहे की मोठ्या भावाचा, हे कंपनीला कसे कळणार? चीन देशात २०२१ साली फार कडक नियम झाला. मुलांनी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ खेळायचे, तेही ओळखपत्राच्या नंबरावर. तिथे काही मुले आजी-आजोबांच्या नावाने खेळत. पोरे सगळीकडे सारखीच!

आपल्या संसदेनेही २०२३ साली माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. मुलाची माहिती घेण्याआधी आईबापाची खात्रीची संमती घ्यावी, असे त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत.

पैसे लावून खेळायच्या खेळांची गोष्ट निराळी. तो जुगारच. २०२३ साली नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गेल्याची तक्रार पोलिसांत दिली होती. पैशाचे असे खेळ चालवू नयेत, असा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. म्हणून पोराने नंबर मागितला, की आधी खेळ कोणता ते विचारा, आणि एकदा त्याच्याजवळ बसून तो बघा.

आणखी एक बारीकशी गोष्ट. आपल्याकडे रिचार्ज संपला की सिम पडून राहते, मग बंद होते. बंद झालेला नंबर निदान ९० दिवसांनी दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. मग त्या नंबरावरचे ओटीपी त्याच्याकडे जातील. पोराचे खेळाचे खाते गेले तर ते रडेल आणि विसरेल. पण बँकेतही तोच जुना नंबर असेल, तर? म्हणून सिम बदलले, की आधी बँकेत जाऊन नवा नंबर लिहून द्या.

नंबर द्यायचा नाही असे तुम्ही ठरवले, तर पोरावर रागावू मात्र नका. चार मित्र एका फोनाभोवती बसलेले आणि आपण बाजूला, हे लहान जिवाला फार लागते. नंबर न मागणारे खेळही आहेत. ‘लिचेस’ नावाच्या जागी बुद्धिबळ फुकट खेळता येते. तिथे खाते उघडल्याविनाही डाव मांडता येतो. मित्राच्या फोनवर, शाळेतल्या संगणकावर, कुठेही. आणि लाकडी पट आणला, तर विजेचीही गरज नाही. जुलै २०२५ मध्ये बायकांच्या बुद्धिबळाचा विश्वचषक जिंकणारी दिव्या देशमुख ही आपल्या नागपूरचीच मुलगी. तेव्हा ती १९ वर्षांची होती. तो डाव जॉर्जिया देशात झाला, समोरासमोर बसून, पटावर.