कानावर नको, क्रियापदावर ठेवा भरवसा!

एसएससी सीजीएलच्या टियर-१मध्ये इंग्रजीचे २५ प्रश्न. बरोबर उत्तराला २ गुण, चुकलं की अर्धा वजा. म्हणजे येणारं एक उत्तर चुकवलं तर फरक थेट अडीच गुणांचा! तरीही वाक्य सुधारायच्या प्रश्नात आपण काय करतो? चारही पर्याय मनात वाचायचे आणि कानाला बरा वाटेल तो टिक करायचा. पेपर काढणारा सापळा लावतो, तोही नेमका कानासाठीच.

‘शी लाइक्स सिंगिंग, डान्सिंग अँड टू पेंट.’ मराठीत आपण ‘तिला गायला, नाचायला आणि चित्रं काढणं आवडतं’ असं म्हणू का? नाही ना! मग इथेही ‘पेंटिंग’च हवं. एका रांगेत उभे राहिलेल्यांचा गणवेश एकच, हेच पॅरलल स्ट्रक्चर.

आता जरा अवघड. ‘द कॉलेज हॅज नॉट अँड विल नॉट इन्क्रीज द फीज.’ ऐकायला झकास, पण चूक. अशा वेळी दोन्ही तुकडे सुटे करून वाचा. ‘विल नॉट इन्क्रीज’ ठीक. ‘हॅज नॉट इन्क्रीज’? इथे गाडी अडते. म्हणून ‘हॅज नॉट इन्क्रीज्ड अँड विल नॉट इन्क्रीज’.

‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’ दिसलं की दोघांच्या लगेच पुढे काय आलंय ते बघा. ‘शी रोट नॉट ओन्ली द स्क्रिप्ट बट ऑल्सो डायरेक्टेड द प्ले’ यात एकापुढे नाम, दुसऱ्यापुढे क्रियापद. ‘शी नॉट ओन्ली रोट...’ केलं की जुळलं.

क्रियापदाच्या बाबतीत मात्र मराठी कधीकधी फसवते. ‘थांबायला लावलं’मधल्या ‘ला’मुळे आपण ‘मेड मी टू वेट’ लिहितो. बरोबर आहे ‘मेड मी वेट’. पण ‘आय वॉज मेड’ म्हटलं, की ‘टू वेट’ लागतंच. तसंच ‘सजेस्टेड टू गो’ नाही, ‘सजेस्टेड गोइंग’. थोडक्यात, क्रियापद पाठ करायचं ते शेपटासकट.

जीमॅटच्या २०२३मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीतून सेंटेन्स करेक्शन गेलं, म्हणून सुटलो असं समजू नका. तुमचा रेझ्युमे काढा. ‘मॅनेज्ड इव्हेंट्स, डिझाइन्ड पोस्टर्स, रिस्पॉन्सिबल फॉर अकाउंट्स’ असं काही आहे का त्यात? तिसऱ्या जागी ‘हँडल्ड अकाउंट्स’ करा आणि मगच पाठवा.